अंधेरीहून अंधेरीला, दहिसरमार्गे

अंधेरी पश्चिमेहून अंधेरी पूर्वेला जायला किती वेळ लागतो, हा प्रश्न अंधेरीत राहणाऱ्याला विचारू नये. तो आधी घड्याळाकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि मग विचारतो, "जायलाच हवं का?" मधे रेल्वेचे रूळ आहेत, आणि रुळांवरच्या गोखले पुलाचा इतिहास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. जुना पाडून नवा बांधला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा पूल वर गेला आहे आणि त्याला जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला आहे. दोन पूल समोरासमोर, आणि मधे पायरी. शेवटी बर्फीवाला जॅक लावून वर उचलला. आपल्याकडे पाहुण्यांसाठी घर रंगवतात, पुलासाठी पूल उचलतात.

मेट्रोनं मात्र या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच देऊन ठेवलं होतं. १९ जानेवारी २०२३ ला पिवळी मार्गिका २अ आणि लाल मार्गिका ७ यांच्या उरलेल्या टप्प्यांचं उद्घाटन झालं, आणि अंधेरी पश्चिमेहून अंधेरी पूर्वेला थेट गाडी सुरू झाली. थेट म्हणजे अगदी थेट. उतरायला नको, बदलायला नको. अंधेरी पश्चिमेला बसायचं. ओशिवरा, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरीवली करत दहिसर गाठायचं. तिथं गाडी पूर्वेला वळते, की मग ओवरीपाडा, मागाठाणे, आकुर्ली, कुरार, दिंडोशी, आरे, जोगेश्वरी, मोगरा असं करत पुन्हा खाली यायचं आणि गुंदवलीला उतरायचं. गुंदवली म्हणजे अंधेरी पूर्व. साधारण ३५ किलोमीटर, तीस स्थानकं, तासाभराचा प्रवास, गार हवा. द्राविडी प्राणायामाला इतकी स्वच्छ आणि वक्तशीर सोय महाराष्ट्रात दुसरीकडे कुठंही नसेल.

आता खरी गंमत अशी की २०१४ पासून धावणारी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो या दोन्ही टोकांना चिकटूनच जाते. अंधेरी पश्चिम स्थानकातून बाहेर पडून पुलावरून डी. एन. नगरला जायचं, आझाद नगर, अंधेरी आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग अशी तीन स्थानकं मोजायची, पुन्हा एक पूल, की आलं गुंदवली. चहा गार होण्याच्या आत पोचता येतं. म्हणजे त्याच दोन बिंदूंमध्ये एक रस्ता तीन स्थानकांचा आणि दुसरा तीस स्थानकांचा, आणि ज्याला 'थेट' म्हणायचं तो तीसवाला.

हे आखणारे इंजिनिअर वेडे नव्हते. उलट, त्यांनी शहाणपणाच केला. मुळात या दोन वेगळ्या मार्गिका. एक लिंक रोडवरून, दुसरी हायवेवरून, आणि दोघींची वरची टोकं दहिसर पूर्वेला. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाच डहाणूकरवाडीहून निघालेली गाडी दहिसरला न संपता पलीकडे आरेपर्यंत जायला लागली. कांदिवली पश्चिमेच्या माणसाला मागाठाण्याला जायचं असेल तर दहिसरला उतरवून, जिने चढवून, दुसऱ्या गाडीत कशाला बसवायचं? सरळ एकच गाडी वळवून नेली. हिशेब चोख आहे. फक्त गाडीच्या कपाळावर काय लिहायचं, हा प्रश्न उरला. तिथं लिहिलं गेलं शेवटच्या स्थानकाचं नाव, कारण जगभर तशी रीत आहे.

परिणाम असा झाला की या संपूर्ण नालेच्या आकाराच्या रस्त्यावर तुम्ही कुठंही उभे राहा, डावीकडून येणारी गाडी अंधेरीला जाते आणि उजवीकडून येणारीही अंधेरीलाच जाते. बोरीवली पश्चिमेच्या फलाटावर, हातात भाजीच्या दोन पिशव्या घेतलेल्या काकू आणि कानातला एक इअरबड काढून त्यांच्याकडे वळलेला तरुण, यांच्यात होणारा हा संवाद तुम्ही कोणत्याही दिवशी ऐकू शकता:

"अरे बाळा, ही कुठली?"

"गुंदवली, काकू."

"मला दहिसरला जायचंय."

"मग हीच."

"पण गुंदवली अंधेरीला ना?"

"हो."

"आणि दहिसर तर इकडं वर."

"हो. आधी वर जाते, मग खाली."

"मग ती समोरची?"

"ती अंधेरी पश्चिम."

"म्हणजे दोन्ही अंधेरीलाच?"

इथं तो तरुण थांबतो. रोज याच गाडीनं जाणारा तो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा पाटी वाचतो आणि दुसरा इअरबडही काढतो. तोवर गाडीचे दरवाजे बंद झालेले असतात.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. पूर्वेच्या टोकाला 'अंधेरी पूर्व' असं नाव दिलं असतं, तर फलाटावर 'अंधेरी पूर्व' आणि 'अंधेरी पश्चिम' अशा दोनच पाट्या आलटून पालटून लागल्या असत्या आणि काकूंनी भाजी तिथंच निवडायला घेतली असती. गुंदवली हे नाव त्या दृष्टीनं उपकारक आहे. गुंदवली हे अंधेरीतलं जुनं गावठाण. कित्येक पिढ्या अंधेरीत राहिलेल्या लोकांना ते नाव मेट्रोमुळं कळलं. एकसर, वळनई, कुरार, मागाठाणे, ओवरीपाडा, ही सगळी नावं अशीच जमिनीतून वर आली. बिल्डरांनी तिथं हाइट्स, एन्क्लेव्ह आणि रेसिडेन्सी पेरून ठेवल्या होत्या. मेट्रोच्या पाट्यांनी पाडे आणि वाड्या परत आणल्या. माणूस गोंधळतो तो गोंधळतो, पण निदान खऱ्या गावाच्या नावानं गोंधळतो.

मार्गिकांच्या क्रमांकांनी मात्र कुणावरही उपकार केलेले नाहीत. २०१४ ला एक नंबर सुरू झाली, मग २०२२ ला दोन-अ आणि सात, मग २०२४ ला तीन. मुंबईतलं मूल मेट्रो मोजायला शिकलं तर 'एक, दोन-अ, सात, तीन' असं शिकेल, आणि गणिताच्या बाई पालकांना बोलावून घेतील. प्रवाशांनी यावर केव्हाच तोडगा काढला आहे. ते म्हणतात 'लिंक रोडवाली', 'हायवेवाली' आणि 'खालून जाते ती'.

पण मेट्रो काय, कालचं पोर. शेवटच्या स्थानकाचं नाव सांगून मधल्या माणसाला बुचकळ्यात टाकण्याची विद्या या शहरानं लोकलच्या इंडिकेटरवर कमावली आहे. इंडिकेटर हे एका वाक्याचं कोडं असतं: एक-दोन अक्षरं, एक वेळ, पुढे एफ किंवा एस, आणि डबे बारा की पंधरा. यातली वेळ हे कल्पित साहित्य आहे, ते सोडून देऊ. अक्षरांकडे बघू.

मध्य रेल्वेवर 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे. इथपर्यंत कुणालाही झेपतं. नागपूरहून कालच आलेला भाचाही मान डोलावतो. मग येतो 'एस'. एस म्हणजे काय? सायन? शीव? शहाड? सँडहर्स्ट रोड? एस म्हणजे कर्जत. आणि 'एन' म्हणजे? नाहूर? नेरळ? एन म्हणजे कसारा. भाचा इथं आपल्याकडे संशयानं बघतो. त्याला वाटतं मामाला मुंबईची हवा मानवलेली नाही.

कारण तसं साधं आहे. कल्याणला गाडीला दोन फाटे फुटतात. एक आग्नेयेला, पुण्याच्या दिशेनं, कर्जतकडे जातो. दुसरा ईशान्येला, नाशिकच्या दिशेनं, कसाऱ्याकडे. साहेबाच्या रेल्वेनं एकाला साउथ-ईस्ट म्हटलं, दुसऱ्याला नॉर्थ-ईस्ट, आणि त्यांची पहिली अक्षरं इंडिकेटरवर जाऊन बसली. साहेब गेला, ज्या कंपनीनं १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडली ती गेली, बोरीबंदरचं व्हीटी झालं, व्हीटीचं सीएसटी झालं, सीएसटीचं सीएसएमटी झालं. एस आणि एन जागचे हलले नाहीत.

याचं सर्वात सुंदर फळ असं की शहाडला जाणाऱ्यानं एस पकडली तर तो कल्याणनंतर विठ्ठलवाडीला पोचतो, कारण शहाड एनवर आहे. आणि माथेरानला निघालेल्या नवपरिणीत जोडप्यानं नेरळचा एन समजून एन पकडली, तर ते डोंगर बघतं खरं, पण शहापूर तालुक्यातले. नेरळ एसवर आहे. एवढ्यावर भागत नाही. अंबरनाथ एसच्या वाटेवर, आसनगाव एनच्या वाटेवर, आणि अंबरनाथला 'ए', आसनगावला 'एएन'. हे ज्यानं ठरवलं त्याला फलाटावर कधी घाईत पळावं लागलं नसावं.

शिवाय पहिल्या रकान्यात एस म्हणजे कर्जत असला, तरी वेळेनंतरच्या रकान्यात एस म्हणजे स्लो. त्यामुळं इंडिकेटरवर जेव्हा 'एस' आणि पुढे 'एफ' दिसतं, तेव्हा नवा माणूस 'स्लो फास्ट' असं वाचतो. तो हसतो, पण तो फारसा चुकलेला नसतो. कर्जत फास्ट ही कल्याणपर्यंत धावते आणि त्यानंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं एकेक घर सांभाळत जाते. स्लो फास्ट हेच तिचं खरं नाव.

फास्ट या कल्पनेवर मुंबईत अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही, हे विद्यापीठाचं अपयश आहे. विरार फास्ट बोरीवलीपर्यंत फास्ट असते. म्हणजे दादरच्या माणसासाठी ती फास्ट, आणि ज्याचं नाव तिच्या कपाळावर आहे त्या विरारच्या माणसासाठी शेवटच्या टप्प्यात चक्क स्लो. तिच्यात बोरीवलीचा माणूस चढलेला विरारच्या माणसाला खपत नाही. "बोरीवलीला इतक्या गाड्या आहेत, आमच्यात कशाला येता?" हा सवाल गेली कित्येक वर्षं दारात उभं राहून विचारला जातो. इथं पाटी हा सातबाराचा उतारा असतो. गाडीवर विरार लिहिलंय, म्हणजे गाडी विरारकरांची. मधल्या गावांनी मालकी सांगायची नाही.

मग डबल फास्ट. मग 'ठाण्यापर्यंत फास्ट, पुढं स्लो'. मग 'घाटकोपरला थांबते, विक्रोळीचं सांगता येत नाही'. हे ज्ञान कुठल्याही पाटीवर सापडत नाही, ते दारात लोंबकळणाऱ्या माणसाकडे असतं. म्हणून मुंबईकर इंडिकेटर वाचतो, घोषणा ऐकतो, मोबाईलवर ॲप उघडून बघतो, आणि हे सगळं झाल्यावर गाडी आली की दारातल्या माणसाला विचारतो, "कुठली?" दारातला माणूस एका शब्दात उत्तर देतो. तो शब्द ब्रह्मवाक्य. त्याच्या तोंडून 'ठाणा स्लो' निघालं की इंडिकेटरवर काहीही असो, लोक चढतात. कधी कधी तो "चढा, चढा" एवढंच म्हणतो. तरीही चढतात.

आणि ज्यांना गाडी कुठं जाते याच्याशी काही देणंघेणंच नाही, असाही एक मोठा वर्ग आहे. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर मुंबईला निघालेली माणसं कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत चढताना दिसतात. हा मार्ग चुकलेल्यांचा जमाव नव्हे. ही मंडळी 'रिटर्न' येणार असतात. म्हणजे मुंबईच्या उलट दिशेनं कल्याणला जायचं, तीच गाडी परत फिरते तेव्हा तिच्यात बसलेलंच राहायचं, आणि मग डोंबिवलीवरून, आपल्याच घरासमोरून, खिडकीत बसून मुंबईकडे जायचं. कल्याणच्या फलाटावर तासभर आधी उठून आलेला माणूस चढतो तेव्हा सगळ्या खिडक्यांत डोंबिवली बसलेली असते. तिथं जी भाषा कानावर पडते, तिच्यात वऱ्हाडापासून मालवणापर्यंत सगळा महाराष्ट्र एकवटलेला असतो. संध्याकाळी चर्चगेटला हेच. मरीन लाइन्सचा माणूस विरारला जाण्यासाठी आधी चर्चगेटला जातो. त्याच्या दृष्टीनं पाटीवर 'चर्चगेट' लिहिलंय याचा अर्थ 'विरार, बसून' असा होतो.

हार्बरवाले या सगळ्याला हसतात, कारण त्यांचं दुःख मोठं आहे. सीएसएमटीहून एकाच बाजूला निघणाऱ्या गाड्यांतली एक पनवेलला जाते आणि दुसरी गोरेगावला. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड, इथपर्यंत दोघी सख्ख्या बहिणी. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस निवांत पेपर वाचत असतो. वडाळ्यानंतर एक किंग्ज सर्कलला वळून माहीम, वांद्र्याला जाते, दुसरी गुरु तेग बहादूर नगरवरून चुनाभट्टीला. चुनाभट्टी ही पाटी पाहून वांद्र्याच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे बघण्यासारखं असतं. शेजारचे लोक त्याला वेडावत नाहीत. प्रत्येकाची कधी ना कधी चुनाभट्टी झालेली असते. "कुर्ल्याला उतरा," एवढंच कुणी तरी हळू आवाजात सांगतं.

हार्बर लाइनचं नाव हार्बर, आणि तिची गाडी २०१८ पासून गोरेगावला संपते, हाही प्रकार आहेच. गोरेगावात गोदी शोधणारा खलाशी अजून कुणी पाहिलेला नाही. ठाण्याहून निघणारी ट्रान्स-हार्बर तर आणखी पुढं जाते: तुर्भ्यानंतर काही गाड्या सानपाड्यावरून वाशीला, काही जुईनगरवरून नेरुळ, पनवेलला. दोन्हींत नवी मुंबई आहे, पण नव्या मुंबईत चालत जाण्यासारखं अंतर कधीच नसतं, त्यामुळं चूक महाग पडते.

या बाबतीत एसटीचा मोठेपणा कुणी मान्य करत नाही. एसटीच्या लाल डब्याचं बाकी काहीही चुकेल, पाटी कधीही अर्धवट बोलत नाही. 'पुणे–महाबळेश्वर, वाईमार्गे'. वाईला उतरायचं असेल तर बसा, नको असेल तर नका बसू. मधल्या गावाला पाटीवर जागा देणारं आपल्याकडचं हे एकमेव खातं. मेट्रोच्या पाटीवर 'गुंदवली, दहिसरमार्गे' असं लिहिलं तर काकूंचा निम्मा संवाद वाचेल. पण मेट्रो बनवणाऱ्यांनी जगभरच्या मेट्रो बघितल्या. स्वारगेटचा स्टॅंड बघितला असेलसं वाटत नाही.

बघायलाच लंडनला गेले असतील तर तिथंही 'मार्गे' मिळालं असतं. त्यांच्या नॉर्दर्न लाइनला शहराच्या मध्यात दोन वाटा आहेत, म्हणून पाटीवर बँकमार्गे की चेरिंग क्रॉसमार्गे हे लिहितात. पण इंग्रजांच्या अकलेचं फार कौतुक करण्याआधी त्यांची सर्कल लाइन पाहावी. ती नकाशावर पिवळी आहे, आपल्या २अ सारखी. कितीतरी वर्षं ती खरोखर गोल फिरत होती. गोल फिरणाऱ्या गाडीचा तोटा असा की तिला उशीर झाला तर तो भरून काढायला शेवटचं स्थानकच नसतं. उशीर आपला फिरतच राहतो. म्हणून २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी वर्तुळ तोडलं. तेव्हापासून गाडी हॅमरस्मिथहून निघते, एजवेअर रोडला येते, तिथून अख्ख्या शहराला प्रदक्षिणा घालते आणि पुन्हा एजवेअर रोडला येऊन संपते. नाव अजूनही सर्कल. त्यात एजवेअर रोड नावाची लंडनमध्ये दोन वेगवेगळी भुयारी स्थानकं आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि एजवेअर नावाचं तिसरंच स्थानक दूर उत्तरेला आहे. आपल्या एस आणि एनचा आजा कुठला, ते तिथं कळतं.

पाट्या सुधारत नाहीत असंही नाही. दादरचंच घ्या. पश्चिम रेल्वेचे फलाट एकपासून सुरू, मध्य रेल्वेचेही एकपासून सुरू, आणि दोघांच्या मधे फक्त पूल. "एक नंबरवर भेटू" असं ठरवून किती लग्नं जुळता जुळता राहिली असतील, त्याची नोंद रेल्वेकडे नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून हे बदललं. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे पुढं आठ ते चौदा झाले. मध्यचा जुना एक तो आठ झाला. दोन नंबर एक नंबरच्या रुंदीकरणात आधीच गेला होता, म्हणून जुना तीन तो नऊ, आणि असं करत करत जुना आठ तो चौदा. स्वच्छ, सरळ, शाळेतल्या मुलालाही समजेल अशी व्यवस्था. नव्या पिढीला आता काही अडचण नाही. अडचण आहे ती एकमेकांना फोन लावून उभ्या असलेल्या दोन गृहस्थांची, ज्यांनी सकाळीच "आठ नंबरवर भेटू" असं अगदी पक्कं ठरवलं होतं.

"अहो कुलकर्णी, मी आठवर उभा आहे, तुम्ही कुठं आहात?"

"मी पण आठवरच होतो. तिथं तुम्ही नव्हता म्हणून वर आलो."

"कुठला आठ?"

"म्हणजे काय कुठला? पूर्वीचा आठ."

"तो चौदा झाला."

"मग आठ कुठं आहे?"

"जिथं एक होता तिथं."

"पश्चिमचा की मध्यचा?"

"मध्यचा. पश्चिमचा एक अजून एकच आहे."

"बरं, मग असं करा," कुलकर्णी म्हणतात, "तुम्ही बाहेर या. फुलबाजारापाशी भेटू."

"पूर्वेचा बाहेर, की पश्चिमेचा?"